पेटीवाल्याला पाच मिनिटं द्या

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, तार छेडून वाजणारं कीबोर्डवालं वाद्य. युरोपातल्या वाद्यवृंदात बराच काळ त्याचं मुख्य काम म्हणजे मागे बसून साथ करणं. बाखच्या १७२१ च्या पाचव्या ब्रँडेनबर्ग कंचेर्टोत मात्र धमाल आहे. पहिल्या भागाच्या शेवटाकडे व्हायोलिन, बासरी सगळे गप्प, आणि हा साथीदार तीनेक मिनिटं एकटाच सुटतो! ऐकाच एकदा.

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या दशावतारात पेटीची गत अजून बाखच्या आधीचीच. नट आयत्या वेळी संवाद रचतो, पद उचलतो. पेटीवाला रात्रभर सांभाळून घेतो. टाळ्या नटाला.

पेटी एकटी रंगत नाही म्हणता? गोविंदराव टेंब्यांनी (१८८१-१९५५) ती कधीच रंगवून दाखवली. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तेव्हा एक आक्षेप होता की तिच्यातून मींड निघत नाही. अहो, मींड हार्पसिकॉर्डमधूनही निघत नाही. बाखचं काही अडलं का?

तेव्हा नाटक मंडळांना एकच गाऱ्हाणं: दोन प्रवेशांच्या मध्ये पेटीवाल्याला पाच मिनिटं द्या, त्याचं नाव पुकारा. जन्मभर मागेच बसायचं असेल, तर पोरं पेटी शिकतील कशाला?