टुमदार बंगली, बेताचा खर्च

बदलीचा हुकूम हातात पडला की घरात पहिला प्रश्न निघतो मुलांच्या शाळेचा आणि दुसरा घराचा. नागपूर-गोंदिया भागातल्या रेल्वे कुटुंबांना कलकत्त्याच्या गार्डन रीचचे नाव पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे ते या बदल्यांमुळेच. आधी बंगाल-नागपूर रेल्वेचे आणि १९५५ पासून दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय तिथे, हुगळी नदीच्या काठाला. २००३ साली नागपूर विभाग बिलासपूरच्या नव्या रेल्वेकडे गेला आणि ही वर्दळ ओसरली. तरीही रेल्वे, बंदर किंवा जहाजबांधणीच्या नोकरीसाठी तिकडे बिऱ्हाड हलवण्याची वेळ आजही एखाद्या मराठी कुटुंबावर येऊ शकते.

गंमत अशी, की ‘टुमदार बंगली’ हे ज्या मराठी गृहिणीचे स्वप्न असते, तिला ही बदली त्या शब्दाच्या माहेरीच नेते. ‘बंगला’ म्हणजे मुळात बंगाली पद्धतीची, वाकदार छपराची झोपडी. इंग्रजांनी ती उचलली, भोवती व्हरांडा काढला आणि हिंदुस्थानभर नेली. कंपनी सरकारच्या काळात साहेबलोकांनी नदीच्या या वळणावर बागबंगले बांधले. १८५६ मध्ये राज्य गमावलेला अवधचा नबाब वाजिद अली शाह याच भागात, मटियाबुर्जला येऊन राहिला. त्याच्यामागून लखनौचे आचारी, गवई आणि शिंपीही आले. नबाब वारला १८८७ मध्ये. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली तीही त्याच वर्षी. नदीकाठच्या जुन्या बागबंगल्यांपैकी काही पुढे रेल्वेकडे आले.

अर्थात असे बंगले बड्या साहेबांच्या वाट्याचे. बाकीच्यांना मिळते ते दोन-तीन खोल्यांचे क्वार्टर किंवा गल्लीतले जुने भाड्याचे घर. पण व्हरांडा, पुढे हातभर अंगण आणि लाकडी झडपांच्या खिडक्या असतील, तर बंगलीचा जीव त्यातही असतो. थोड्या पैशांत तो कसा जागवायचा, एवढाच प्रश्न.

समजा, असेच एक चौकोनी कुटुंब आणि सोबत सासूबाई, तळमजल्यावरच्या जुन्या घरात उतरले आहेत. घरासाठी बाजूला काढलेले चाळीस हजार रुपये हाताशी आहेत. खालच्या हातभर भिंतीला पोपडे आलेले, कोपऱ्यात पांढरे मीठ फुललेले.

“अहो, आधी ऑइलपेंट काढून घेऊ या. पुसायला बरा पडतो,” ती म्हणते.

“त्यापेक्षा प्लायवूड ठोकून टाकू. पोपडे दिसायलाच नकोत,” त्याचे उत्तर.

सासूबाई एवढेच विचारतात, “पण पाणी येतंय कुठून, ते कुणी बघितलं का?”

सासूबाईंचा प्रश्न लाखमोलाचा आहे. बेताच्या पैशांत घर सजवणारी बहुतेक मंडळी इथेच फसतात. रंग, पडदे, फर्निचर यांवर आधी खर्च होतो आणि पहिल्याच पावसाळ्यात रंग फुगून येतो. प्लायवूडमागे वाळवी शिरते आणि कपाटातल्या साड्यांना कुबट वास लागतो. मग तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते. ज्याच्या गाठीला पैसा थोडा, त्याला ही चूक परवडत नाही.

ओल कुठली, ते आधी ओळखा

कलकत्त्याचा पावसाळा जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो. एरवीही हवेत दमटपणा असतोच. नागपूरहून हौसेने नेलेला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर तिथे निरुपयोगी ठरतो. कूलर गारवा देतो तो कोरड्या हवेत पाणी उडवून. जी हवा आधीच पाण्याने जड झाली आहे तिच्यात तो आणखी ओल तेवढी भरतो. म्हणून कूलर सामानात बांधण्याऐवजी आधीच विकून टाकलेला बरा. तेवढ्या पैशांत एक चांगला पंखा येतो.

भिंतीची परीक्षा घरच्या घरी होते. फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव धरले तर पाणी भिंतीच्या पोटात आहे. खोलीकडची बाजू ओली झाली तर दोष कोंडलेल्या हवेचा. स्वयंपाकघराची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे हे त्याचे नेहमीचे कारण. त्याला गवंडी नको, खिडकी उघडी हवी.

भिंतीत पाणी असेल तर घराला बाहेरून एक फेरी मारावी. फुटकी पन्हळ, गच्चीवर पाल्याने तुंबलेली मोरी, कठड्याच्या फटीत रुजलेले पिंपळाचे रोप, न्हाणीघराचा गळका नळ, यांपैकी काहीतरी सापडतेच. आणखी एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बागेच्या हौसेने भिंतीलगत माती टाकत टाकत ती जोत्याच्या वर येते. मग दर पावसात भिंत ते पाणी पीत राहते. ती माती कोरून वीतभर खाली घेतली आणि पाण्याला वाट करून दिली, तर अर्धी ओल कमी होते. खर्च एका मजुराच्या दिवसाचा. सरकारी क्वार्टर असेल तर पन्हळ-नळाची दुरुस्ती खात्याने करायची असते. तक्रार लेखी द्यावी, तिची नक्कल जपून ठेवावी आणि पाठपुरावा करावा. भाड्याच्या घरात हेच काम घरमालकाकडून करून घ्यावे. स्वतःचे चाळीस हजार तोवर पेटीतच राहू द्यावेत.

जुन्या घरांच्या विटा चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, यांच्या मिश्रणात बसवलेल्या असतात. अशी भिंत श्वास घेते. आत शिरलेले पाणी ती हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की पाण्याची वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढावा. विटा कोरड्या होऊ द्याव्यात आणि पुन्हा चुन्याचाच गिलावा करावा. कलकत्त्यात सगळ्यांना दुर्गापूजेआधी रंग काढून हवा असतो, जसा आपल्याकडे दिवाळीआधी. पण त्या वेळी पाऊस चालू असतो. भिंतीचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या दिवसांत केलेले टिकते. एक पूजा जुन्या भिंतींसह साजरी झाली तरी काही बिघडत नाही.

रंगाला चुनाच पुरे. एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी घ्यावे. चुना पाण्यात पडला की उकळ्या फुटतात. म्हणून प्लॅस्टिकची बादली नको, लोखंडी पिंप घ्यावे, मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. दिवसभर मुरल्यावर जाड्याभरड्या कापडातून गाळून त्यात शिजवलेला डिंक किंवा भाताची पेज मिसळावी, म्हणजे कपड्यांना रंग लागत नाही. पांढऱ्या भिंतीसाठी चिमूटभर नीळ, उबदार पिवळ्यासाठी पिवडी. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात चांगले. पहिला हात ओला असताना रंग उतरला नाही असे वाटते. तो वाळल्यावर खुलतो, घाई करू नये.

जे आहे ते घासून-पुसून

अशा घरांतली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे खिडकीच्या हिरव्या लाकडी झडपा. बंगाली माणूस त्यांना खडखडी म्हणतो. मधली दांडी ओढली की पट्ट्या उघडतात. ऊन बाहेर राहते आणि वारा आत येतो, शेजाऱ्यालाही आतले काही दिसत नाही. त्या काढून सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवण्याची टूम सगळीकडे आहे. ती खर्चाची तर आहेच, शिवाय सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. दमट गावात निम्मी खिडकी बंद करण्यासाठी पैसे मोजायचे, हे शहाणपणाचे नाही. सुताराकडून मोडक्या पट्ट्या बदलाव्यात, बिजागऱ्यांना तेल द्यावे आणि हिरवा रंग मारावा. ऑइलपेंटची हौस इथे लाकडावर भागवावी.

जमीन लाल सिमेंटची असेल तर नशीबच. ती आधी साध्या पाण्याने स्वच्छ धुवावी. वाळल्यावर खोबरेल तेलाचा अगदी थोडा हात लावून सुक्या फडक्याने खूप घासावी. चार-सहा वेळा असे केले की तिला तुकतुकी येते. वर मेणकापडासारखे आच्छादन किंवा गालिचा अंथरला की खाली ओल कोंडते. त्यापेक्षा मेदिनीपूरकडची गवताची चटई बरी. तिला तिथे मादुर म्हणतात. हलकी, गार आणि झटकायला सोपी. दिवाणामागे पाठ टेकायलाही ती टांगता येते, मात्र भिंतीपासून बोटभर अंतर सोडून. कपाटे, पलंगही भिंतीला चिकटवू नयेत.

फर्निचरसाठी बहुतेक रेल्वे कुटुंबांकडे आयती सोय असते ती पत्र्याच्या पेट्यांची. सारख्या उंचीच्या दोन पेट्या शेजारी-शेजारी विटांवर ठेवल्या, वर फळी आणि गादी टाकली की बैठक तयार. आत हिवाळ्याचे कपडे राहतात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला की कसरही लागत नाही. जोडीला वेताच्या दोन खुर्च्या पुरेत. सोफासेटचा मोह टाळावा. पुढच्या बदलीला तो ट्रकमध्ये चढवताना नवरा जे बोलेल, ते मासिकात छापता येणार नाही.

कापडाच्या बाबतीत गार्डन रीचसारखी जागा नाही. नबाबामागून आलेल्या शिंप्यांनी रुजवलेला धंदा वाढत वाढत मटियाबुर्ज आज तयार कपड्यांचे मोठे केंद्र झाले आहे. जिथे कपडे बेतले जातात तिथे कातरणही निघते. तिथल्या शिंप्यांकडे सुती तुकड्यांची चौकशी जरूर करावी. लाल चौकड्यांचे बंगाली गमछे दोन-दोन जोडले की स्वयंपाकघराचे पडदे होतात आणि धुतल्यावर चटकन वाळतात. आणि सासूबाईंना गोधडी येत असेल तर शेजारणीशी त्यांची गट्टी जमायला भाषा आड येणार नाही. बंगालची कांथा ही आपल्या गोधडीचीच सख्खी बहीण. तीच जुन्या साड्यांची घडी, तोच धावदोरा. दिवाणावर एक घरची गोधडी घातली की खोलीला जी ऊब येते ती दुकानातल्या बेडकव्हरने येत नाही.

व्हरांड्याला बांबूची चिक लावावी. चैत्र-वैशाखात संध्याकाळी कालबैसाखीचे वादळ अचानक उठते, म्हणून खालची दोरी बांधायला कठड्यात कडी हवीच. अंगणात आपला अनंत लावावा. तिथे त्याला गंधराज म्हणतात आणि तो फार चांगला येतो. प्राजक्त तर पूजेच्या दिवसांत सगळ्या बंगालचा लाडका. कुंड्यांखालच्या बशांतले पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाकावे, कारण डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

भिंत पाडण्याआधी

राहता राहिला फेरबदलाचा मोठा विषय. दोन खोल्यांमधली भिंत पाडून ऐसपैस दिवाणखाना करावा, असे प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला वाटते. क्वार्टरमध्ये तर परवानगीशिवाय खिळ्यापलीकडे काही करू नये. पण स्वतःचे घर घेतलेल्यांनीही हात आखडता घ्यावा. जुन्या घरात जाड भिंतीच छताचे ओझे वाहतात. कोणती पाडली तर चालेल, हे गवंड्याने नव्हे तर इंजिनिअरने सांगायचे असते. खोली मोठी वाटायला हवी असेल तर दाराची पाखे काढून तिथे पडदा लावला तरी पुष्कळ फरक पडतो.

वरती खोली चढवण्याचा विचार असेल तर गार्डन रीचच्या माणसाला कारण सांगावे लागत नाही. १७ मार्च २०२४ च्या मध्यरात्री तिथे बांधकाम चालू असलेली पाच मजली विनापरवाना इमारत शेजारच्या घरांवर कोसळली आणि दहाहून अधिक माणसे दगावली.  कलकत्ता महापालिकेचा मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय घर घेऊ नये, मजला चढवू नये. शेजारी कुणी चढवत असेल तर त्याच्याशीही गोड बोलून नकाशा पाहायला मागावा. वाईटपणा येतो, तो घ्यावा.

आता त्या चाळीस हजारांचा हिशेब. बारा-पंधरा हजार ओल आणि गिलाव्यासाठी वेगळे काढावेत. खात्याने किंवा मालकाने काम केले तर तेवढे वाचले. सात-आठ हजार झडपा आणि सुतारकामाला. चुना, पंखा, चटया, खुर्च्या आणि चिक यांचे एकदम न घेता महिन्याला एक याप्रमाणे घ्यावे. पाच हजारांना पहिला पावसाळा संपेपर्यंत हात लावू नये. कुठली भिंत पुन्हा ओल धरते ते तेव्हाच कळते. बाजारभाव आणि खात्रीचे कारागीर यांची माहिती जुन्या मराठी रहिवाशांना विचारावी. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात त्यांची गाठ पडू शकते.

आणि पुन्हा बदली झालीच, तर चिक गुंडाळायची, मादुरची वळकटी करायची, गोधड्या पेट्यांत भरायच्या. बैठक म्हणून वापरलेल्या त्याच पेट्यांत सगळा संसार मावतो. अनंताचे झाड तेवढे नव्या बिऱ्हाडासाठी मागे ठेवायचे, आणि पन्हळ कुठे गळते ते त्यांना सांगून जायचे.