न आलेली नोंद कुठे बसवायची?

भंगसाळ नदी फुगली की कुडाळात वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, आणि नेमक्या त्याच सकाळी साडेआठचा पावसाचा आकडा वर पोहोचत नाही. नोंद हुकते ती बहुधा अशा मुसळधार दिवशीच. म्हणून रिकाम्या रकान्याकडे हलक्याने पाहू नये.

डेटाबेसमध्ये त्या रकान्यात ‘नल’ असतं. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. नल म्हणजे ठाऊकच नाही. समजा, सिंधुदुर्गातल्या आठ तालुक्यांपैकी कुडाळ आणि दोडामार्गचे आकडे आले नाहीत, आणि कुणी सर्वाधिक पावसाचे तीन तालुके मागितले. पोस्टग्रेस आणि ओरॅकल हे डेटाबेस नलला सगळ्या आकड्यांहून मोठं धरतात. उतरत्या क्रमात हे दोन तालुके वर बसतात आणि तीन ओळींत खरा आकडा एकच उरतो. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट नलला सर्वांत लहान मानतात. तिथे कुडाळ तळाला जातं, त्या तीन ओळींत दिसतही नाही. माहिती तीच, प्रश्न तोच!

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकाने नलची जागा ठरवण्याचा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडला. २००३ च्या आवृत्तीत ‘नल्स फर्स्ट’ आणि ‘नल्स लास्ट’ हे शब्द मात्र दिले. पोस्टग्रेसने ते २००८ साली घेतले, एसक्यूलाइटने २०१९ साली. मायएसक्यूएलमध्ये ते नाहीत. तिथे आधी ‘नल आहे का’ यावर क्रम लावायचा, मग आकड्यावर.

माझा आग्रह असा की क्वेरी लिहिणाऱ्याने ही जागा स्वतः ठरवून लिहावी. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर रिकामे तालुके वरच हवेत, कारण पहिला फोन तिथे लावायचा असतो. वर्तमानपत्रातल्या क्रमवारीत ते शेवटी यावेत, पण ‘नोंद नाही’ असं छापून. शून्य भरणं मात्र अन्याय आहे. कारण चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि भाताच्या नुकसानीची मदत ठरवताना महसूल मंडळाचा हा आकडा पाहिला जातो.

‘६५ हून जास्त’ अशी चाळणी लावली की नल असलेलं मंडळ मुळातच गळतं. मग क्रम कितीही नीट लावा. त्या चाळणीला ‘किंवा नोंद नाही’ ही अट जोडावी आणि अशा मंडळांची वेगळी यादी पंचनाम्यासाठी तलाठ्यांकडे त्याच दिवशी जावी.