खंबीर माणूस हवाय? लंकेकडे बघा

अध्यक्षीय पद्धत आणा, हा आपल्या मध्यमवर्गाचा जुना, लाडका उतारा. आघाडीची सरकारं गडगडली की कुणीतरी म्हणतंच, "एकच खंबीर माणूस निवडा आणि पाच वर्षं त्याला काम करू द्या." ऐंशीच्या दशकात वसंत साठेही या पद्धतीची बाजू मांडत. दाखला कायम अमेरिकेचा. अहो, आपल्यासारखाच देश शेजारी आहे, तिकडे का नाही बघत?

श्रीलंकेत जयवर्धने यांनी १९७८ साली अध्यक्षीय राज्यघटना आणली. कारण तेच, स्थैर्य आणि विकास! १९८२ मध्ये त्यांनी संसदेची निवडणूकच टाळली. सार्वमत घेऊन तिची मुदत सहा वर्षांनी वाढवली, आणि स्वपक्षाच्या खासदारांकडून बिनतारखेचे राजीनामे लिहून घेतले. याला स्थैर्य म्हणायचं तर म्हणा बापडे. १९९४ मध्ये चंद्रिका कुमारतुंगा हे पद रद्द करायचं वचन देऊन निवडून आल्या. २००५ पर्यंत त्याच खुर्चीत होत्या.

मग आले गोटाबाया राजपक्ष. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात बंद! भाताचं पीक कोसळलं, नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली. पुढच्या वर्षी परकीय चलनच संपलं. मे २०२२ मध्ये पंतप्रधान असलेले थोरले बंधू महिंदा गेले, अध्यक्ष मात्र जागेवर. कारण त्यांना काढायचं तर महाभियोग, दोन-तृतीयांश बहुमत, सर्वोच्च न्यायालयाची चौकशी. शेवटी जुलैत लोक त्यांच्या निवासस्थानात घुसले आणि साहेब विमानाने मालदीवला पळाले. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सगळ्यांना दिसतोय, पण सिस्टिमला रीस्टार्टचं बटणच नाही.

आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं. निवडणूक झाली, वाजपेयी परत आले. कुणाला भिंतीवरून उड्या माराव्या लागल्या नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत हेच स्पष्ट केलं होतं: अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुद्याने जबाबदारी निवडलीय.

"मग आणीबाणी संसदीय पद्धतीतच आली ना?" आली. लोकसभेची मुदतही वाढवली गेली. पण ते झालं खासदारांनी मान डोलावली म्हणून. त्यावर औषध काय, तर त्यांचा जाब विचारायचा हक्कच काढून घ्यायचा? उलट १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने हा हक्क आधीच लुळा करून ठेवलाय. प्रत्येक मतदानाला व्हिप कशाला? तो विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरताच ठेवा. आधी एवढं करून बघू, अध्यक्ष वगैरे मग.