बघायला की भेटायला?

लंडनहून परतल्यावर बारामतीत आमच्या गल्लीतल्या बायका फोटो बघायला जमल्या होत्या. राजवाडा झाला, नदीवरचा पूल झाला, घड्याळाचा मनोरा झाला. एक फोटो मात्र मी भराभर पुढं सरकवला. तो जळून काळ्याठिक्कर पडलेल्या एका इमारतीचा होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मनातून मात्र तो अजून गेलेला नाही, म्हणून मैत्रिणींनो, हे लिहिते आहे.

जुलै २०१७ च्या अखेरीस आम्ही दोघं मुलाकडं गेलो होतो. तिकिटं आधीच काढून ठेवलेली. दरम्यान १४ जूनच्या मध्यरात्रीनंतर तिथल्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रीजपाशी ती सुरू झाली आणि इमारतीला बाहेरून बसवलेल्या ज्वालाग्राही आवरणावरून बघता बघता माथ्यापर्यंत गेली. घरातच थांबा, अशी सूचना लोकांना बराच वेळ मिळत राहिली. ७२ माणसं गेली. त्यात देशोदेशींहून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबं होती.

आम्ही त्या दिवशी केन्सिंग्टनचा राजवाडा बघितला. डायानाला जाऊन वीस वर्षं होत होती, म्हणून तिथं पांढऱ्या फुलांची खास बाग लावली होती. ती बघून मन भरून आलं. आगगाडीनं पुढं निघालो, तर खिडकीतून तो टॉवर दिसला. राजवाडा आणि हा टॉवर एकाच पालिकेच्या हद्दीत. मी काही विचार न करता मोबाईल वर केला आणि फोटो काढला. सून हळूच म्हणाली, "आई, नका काढू."

ती आम्हाला पुढच्या स्टेशनवर उतरवून तिकडं न्यायला निघाली. आमचे हे म्हणाले, "फिरायला आलोय, सुतकात कशाला न्यायचं?" तरी आम्ही गेलो. भिंतींवर माणसांचे फोटो, खाली फुलं, विझलेल्या मेणबत्त्या, लहान मुलांची खेळणी. एका कागदावर लिहिलं होतं, ही शोकांतिका आहे, पर्यटनाचं ठिकाण नव्हे. सुनेनं मला अर्थ सांगितला आणि पर्समधला मोबाईल मला जड झाला.

आपल्याकडं कुणाच्या घरी माणूस गेलं की आपण ‘बघायला’ जात नाही, ‘भेटायला’ जातो. भेटायला गेलेली बाई काही काम अंगावर घेते. कुणी चूल पेटवते, कुणी पोरांना जेवू घालते, कुणी नुसती जवळ बसते. बघायला जाणारा मात्र डोळे भरून घेतो आणि निघून जातो. मी त्या दिवशी आगगाडीतून बघायला गेले होते.

पुढं कळत गेलं ते आणखी बोचणारं होतं. तिथल्या रहिवाशांनी आग लागण्याआधी कितीदा लेखी इशारे दिले होते. तक्रार करणाऱ्यांत बायका होत्या, त्यातल्या काही त्या आगीतच गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. एकूण एक मृत्यू टाळता आला असता, असं चौकशीच्या प्रमुखांनी सांगितलं. तक्रार करणाऱ्या काही रहिवाशांना कारभारी संस्था भांडखोर, त्रासदायक माणसं समजत होती, हेही अहवालात आलं. वाचलं आणि वाटलं, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडं तिला ‘बायकांची कटकट’ म्हणतात.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि नदीचा समुद्र झाला. पलीकडं करमाळ्याच्या बाजूला दिलेल्या लेकी पाण्यापलीकडं गेल्या. रस्त्यानं जायचं तर केवढा वळसा, म्हणून होडी. बाळंतीण होडीत, भाजीची पाटी होडीत, मोटारसायकलही होडीत. मी स्वतः कितीदा बसले आहे. अंगावर जॅकेट कधी नव्हतं आणि मी ते कधी मागितलंही नाही.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली. सहा जण बुडाले, त्यात लहान मुलं होती. पोहून काठाला आलेल्या एका माणसामुळं बातमी कळली. मृतदेह हाती यायला तिसरा दिवस उजाडला. मी भाचीबरोबर काठावर गेले. गर्दी होती, आणि गर्दीत किती हात मोबाईल उंच धरून उभे होते! मला कुणाला रागवायचा अधिकार नव्हता. माझा मोबाईल मी पिशवीतच ठेवला आणि बायकांत जाऊन बसले.

त्या बसलेल्या बायका काय बोलत होत्या? बोटीत माणसं किती घ्यायची हे कोण ठरवतं, वारा सुटला असताना बोट कोण थांबवतं, जॅकेट का नसतात. एकूण एक प्रश्न बरोबर होता. पण त्यांनी ते एकमेकींना विचारले. समोर साहेब आले, पुढारी आले, तेव्हा बोलायला पुरुष उभे राहिले आणि बायका पदर सावरून मागं सरकल्या.

आपल्याकडं ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायचा कायदा आहे. किती गावांत ती खरोखर भरते आणि किती ठिकाणी नुसत्या सह्या घरोघर फिरतात, हे तुम्ही जाणताच. काठावरच्या गावांतल्या बायकांनी हेच प्रश्न तिथं ठरावात लिहून घ्यावेत. बोटीत किती जण बसणार ते बोटीवर रंगवून लिहा, प्रत्येकाला जॅकेट द्या, वाऱ्याच्या दिवशी बोट बंद ठेवा, आणि पुलाची मागणी दरवर्षी मांडा. कुणी कटकट म्हटलं तर म्हणू द्या. ग्रेनफेलच्या बायकांनाही तेच ऐकावं लागलं होतं, आणि त्यांचं खरं होतं.

लंडन बघितल्याचा मला पस्तावा नाही. बाईनं जग बघावंच, मन मारून घरी बसू नये. पण जिथं माणसं गेली आहेत तिथं आपण भेटायला जावं. आणि भेटून आल्यावर त्यांचे प्रश्न आपल्या गावच्या सभेत विचारावेत.

तो फोटो अजून माझ्याकडं आहे. परवा भाचीच्या गावातल्या बायका जमल्या, तेव्हा मी तो पहिल्यांदा दाखवला.