फावल्या वेळचे उद्योग : सव्वा हाताची तार

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी सकाळी आमच्या पुतण्याचे विमान जमिनीवर आदळले. विमान म्हणजे अर्थातच छंदाचे. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १२० सेंटिमीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास, आणि हातातल्या रेडिओ-ट्रान्समीटरने जमिनीवरून चालवावयाचे. अभ्यास आणि शिकवण्या सांभाळून त्याने ते तीन महिने खपून बांधले होते. हवेत ते जेमतेम दोन मिनिटे राहिले. वर चढले, एक वळण डौलाने घेतले, दुसऱ्या वळणात नाक खाली गेले, वेग वाढला आणि ते जे खाली निघाले ते वर आलेच नाही.

“काका, मी दांडी पूर्ण ओढली होती,” एवढेच तो म्हणाला. जमलेल्या मंडळींनी ‘नवखा हात आहे, व्हायचेच’ असा निकाल दिला. खेदाची गोष्ट अशी की, आम्हीही मान डोलावली.

संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही ते अवशेष उलगडले. पुढचा भाग चेंदामेंदा झाला होता, पण शेपटी शाबूत होती. बॅटरी जोडली, दांडी ओढली. शेपटीवरची फळी निमूटपणे वर उचलली गेली. दोष कोठेच दिसेना. मग सहज त्या फळीवर बोट टेकवून तिला किंचित अडवले आणि पुतण्याला पुन्हा दांडी ओढावयास सांगितले. आतील यंत्राने आपला हात पुरता फिरवला. फळी मात्र जागची हलली नाही. धडाच्या पोकळीत पाहिले तो, दोहोंना जोडणारी तार धनुष्यासारखी वाकली होती. ती सव्वा हाताची तार आमच्याच पेटीतली. ‘बारीकच घाल, वजन वाचेल’ हा सल्लाही आमचाच. मुलाचा हात चुकला नव्हता. तसे आम्ही त्याला त्याच वेळी सांगितले, आणि या महिन्याचे हे पान त्या तारेलाच वाहिले आहे.

या विद्येची ओळख नसलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. विमानाला तीन हलत्या फळ्या असतात. पंखांच्या मागील कडेला एलेरॉन, त्यांनी विमान कुशीवर कलते. आडव्या शेपटीला एलेव्हेटर, त्याने नाक वर-खाली होते. आणि उभ्या शेपटीला रडर, म्हणजे सुकाणू. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी १९३७ साली आपले ‘गफ’ नावाचे विमान रेडिओने उडविले, तेव्हा रबराच्या पिळाच्या जोरावर फळी एकदम एका बाजूस जाई, नाही तर मध्यावर येई. आज ‘सर्व्हो’ नावाचे काड्यापेटीएवढे यंत्र दांडी हलेल तितक्याच प्रमाणात आपला लहानसा हात फिरविते. तो हात, त्यातून निघालेली तार किंवा सळई, म्हणजे पुशरॉड, तिच्या टोकाचा चिमटा, म्हणजे क्लेव्हिस, आणि फळीवर उभा केलेला छिद्रांचा खुंट, म्हणजे हॉर्न. या चौघांची साखळी म्हणजे दुवा. ट्रान्समीटर कितीही किमती असो, त्याची आज्ञा शेवटी या साखळीतूनच जावयाची.

आता मूळ मुद्दा. दोरीने बैल ओढता येतो, ढकलता येत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बारीक तार ही अर्धी दोरीच होय. ओढली की ती ताठ राहते, रेटली की वाकते. किती रेटले असता वाकेल याचे गणित ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडून ठेवले आहे. आमची तार पोलादाची, १.२ मिलिमीटर जाडीची, आणि ५५ सेंटिमीटर लांबीत तिला कोठेही आधार नव्हता. हिशेब केला तर अशी तार अवघ्या ७० ग्रॅमच्या आसपासच्या रेट्याने वाकावयास लागते. उलट ९ ग्रॅम वजनाचा साधा सर्व्हो सेंटिमीटरभर लांबीच्या हाताने दीड किलोचा जोर सहज लावू शकतो. ओट्यावर फळीला वाऱ्याचा विरोध नव्हता, म्हणून सारे सुरळीत दिसले. खाली झेपावताना वारा फळीला दाबू लागला आणि तारेने मान टाकली.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही स्वस्त. पहिला, आधार. तारेची मोकळी लांबी निम्मी केली की ताकद चौपट होते. धडात समान अंतरावर तीन ठिकाणी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे चिकटवून त्यांतून तीच तार ओवली, तर लांबीचे चार भाग होतात आणि ७० ग्रॅमचा आकडा सोळा पटींनी वाढून किलोच्या वर जातो. दुसरा, जाडी. जाडी दुप्पट केली तर ताकद सोळा पट. बांबूची सरळ कामटी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना तारेचे आखूड तुकडे दोऱ्याने बांधून डिंकवले, तर वजन फारसे वाढत नाही आणि सळई वाकण्याचे नाव घेत नाही. सायकलीचा दोन मिलिमीटरचा आराही चालतो, मात्र लांबी बेताची हवी. तिसरा उपाय तर फुकटचा. हॉर्न एलेव्हेटरच्या खालच्या अंगाला असेल, तर फळी वर उचलण्यासाठी तार मागे रेटावी लागते. तोच हॉर्न वरच्या अंगाला लावला, तर फळी वर उचलण्यासाठी तार पुढे ओढावी लागते. नाक वर काढणे ही प्राण वाचविणारी आज्ञा. ती ओढीवर सोपवावी, रेट्यावर नव्हे. आमच्या विमानाचा हॉर्न खाली होता. बाजू बदलली की सर्व्होची दिशाही ट्रान्समीटरमधून उलटवावी लागते, हे विसरू नये.

दुवा बसविताना आरंभ कोठून करावा? सर्वप्रथम मोटरचा पंखा काढून ठेवावा. बोटे दहाच असतात. मग ट्रान्समीटर सुरू करून सर्व ट्रिम मध्यावर आणावेत, विमानाची बॅटरी जोडावी, आणि सर्व्हो आपल्या मध्यस्थानी आला म्हणजे त्याचा हात तारेशी काटकोनात बसवावा. हाताचे आणि दांड्याचे दाते नेमके काटकोनात जुळतीलच असे नाही. हात काढून, फिरवून, दुसरे टोक वापरून पाहावे, आणि उरलासुरला एखाददुसरा अंशच ट्रान्समीटरच्या सब-ट्रिमने भरावा. यानंतर फळी पंखाच्या रेषेत धरून क्लेव्हिस आत-बाहेर फिरवीत लांबी जुळवावी. हॉर्नची छिद्रे बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर यावीत. ती पुढे किंवा मागे सरकली, तर फळी एका बाजूस अधिक आणि दुसऱ्या बाजूस कमी जाते. एलेरॉनच्या बाबतीत असा फरक कधी मुद्दाम ठेवतात. खाली गेलेली फळी त्या बाजूच्या पंखाला अधिक अडवून नाक उलट दिशेला खेचते, म्हणून ती वर जाणाऱ्या फळीपेक्षा कमी जावी अशी योजना करतात. तथापि ते हेतुपुरस्सर असावे, गफलतीने नव्हे.

कोणते छिद्र वापरावे, हा पुढचा प्रश्न, आणि येथे घाई फार नडते. नियम असा : सर्व्होकडे आतले छिद्र, हॉर्नकडे बाहेरचे. सर्व्होच्या मध्यापासून १० मिलिमीटरवर तार अडकविली आणि हॉर्नवर बिजागरीपासून २० मिलिमीटरवर, तर सर्व्हो ४५ अंश फिरला असता तार सुमारे ७ मिलिमीटर सरकते आणि फळी सुमारे २१ अंश वळते. फळी ४० मिलिमीटर रुंद असेल, तर तिची कड १४ मिलिमीटर उचलली जाईल. शिकाऊ विमानाला एवढे रग्गड झाले. पुष्कळ जण उलट करतात, लांब हात आणि आखूड हॉर्न, आणि फळी फार वळू लागली की ट्रान्समीटरमध्ये टक्केवारी कमी करतात. दिसावयास परिणाम तोच. पण सर्व्होचा जोर त्यात वाया जातो आणि छिद्रांतील ढिलेपणा मोठा होतो. छिद्रात ०.३ मिलिमीटरची ढिलाई असेल, तर २० मिलिमीटरच्या हॉर्नवर फळीची कड सुमारे ०.६ मिलिमीटर डुलते. १० मिलिमीटरच्या हॉर्नवर दुप्पट. वेगात असताना या ढिलाईतूनच फडफड सुरू होते, आणि एकदा ती वाढली की पंखाच्या चिंधड्या व्हावयास क्षण पुरतो. म्हणून छिद्र तारेला घट्ट बसेल असेच पाडावे. तारेच्या एका टोकाला इंग्रजी ‘झेड’सारखी वाक द्यावी, दुसऱ्या टोकाला क्लेव्हिस लावावा, आणि तो उघडू नये म्हणून त्यावर सिलिकॉन नळीचे कडे चढवावे.

हे झाले जोराचे. दिशेचे काय? ‘एवढे कोण चुकतो’ असे म्हणणाऱ्यांनी रॉय चॅडविक यांचे स्मरण करावे. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध लँकेस्टर विमान त्यांनी रचले. २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडातील वुडफर्ड येथे त्यांच्याच नव्या ट्यूडर विमानाच्या चाचणीसाठी ते स्वतः आत बसले. त्यापूर्वीच्या दुरुस्तीत एलेरॉनच्या तारा अदलाबदलीने जोडल्या गेल्या होत्या. उड्डाण होताच विमान कलले, आणि सावरण्यासाठी दिलेला प्रत्येक हिसका त्याला अधिकच कलवीत गेला. चॅडविक यांच्यासह चौघे प्राणास मुकले. एवढ्या जाणत्या मंडळींच्या बाबतीत हे घडले, तर आपण कोण? म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानाच्या मागे उभे राहून पाहावे. दांडी उजवीकडे नेता उजवा एलेरॉन वर, डावा खाली. दांडी आपल्याकडे ओढता एलेव्हेटर वर. रडरची दांडी उजवीकडे नेता रडर उजवीकडे. हे मनात म्हणू नये, मोठ्याने म्हणावे.

आणि शेवटी आमची महागात पडलेली परीक्षा. एकाने दांडी पूर्ण ओढून धरावी, दुसऱ्याने फळीवर बोटाने वाऱ्यासारखा दाब द्यावा. फळी नमली, तर तार वाकते की हॉर्न लवतो, की सर्व्होच आपल्या बैठकीतून हलतो, हे शोधावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ते आम्ही केले नाही, आणि दोष मात्र पोराच्या हाताला दिला.

२०२१ च्या ड्रोन नियमांत अशी विमानेही येतात. तेव्हा मैदान ठरविण्यापूर्वी सरकारी नकाशात ती जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, आणि आपल्या विमानाला कोणते नियम लागू होतात, हे पाहून घ्यावे. विमानतळाजवळच्या शहरात राहणाऱ्यांनी तर आवर्जून.

पुतण्याने नवे धड दिवाळीच्या सुटीत बांधले. शेपटी जुनीच, हॉर्न वरच्या बाजूस, आणि बांबूची कामटी तीन नळ्यांतून ओवलेली. मैदानावर त्याने ट्रान्समीटर आमच्या हाती दिला, विमान मांडीवर घेतले आणि एलेव्हेटरवर बोट टेकवून म्हणाला, “काका, ओढा.” आम्ही दांडी ओढली. बोट दाबून त्याने पाहिले, पुन्हा दाबून पाहिले, आणि मगच पंखा चढविला.

त्या दिवशी विमान अकरा मिनिटे उडाले, आणि उतरले ते चाकांवर.