चौकास नाव आणि नागरिकास जागा

अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जो कोणी पायी फिरेल, त्यास एक गोष्ट सहज दिसून येईल. जेथे दोन रस्ते एकमेकांस छेदतात, तेथे कोणाच्या ना कोणाच्या नावाची पाटी उभी असते. त्यांतील काही नावे खरोखर वंदनीय आहेत. काही नावांची ओळख त्याच चौकातील जुन्या दुकानदारासही देता येत नाही. पाटीचा रंग ताजा असतो, आणि तिच्या पायथ्याशी गटाराचे झाकण फुटलेले असते. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अशाच एखाद्या चौकात उभे राहून रचली की काय, अशी शंका येते.

हा केवळ विनोदाचा विषय नाही. रस्त्यांस व चौकांस नावे देण्याचे प्रस्ताव ज्या प्रभाग समित्यांत मांडले जातात, त्याच समित्यांकडे कायद्याने पाणी, गटारे, साफसफाई व पावसाच्या पाण्याचा निचरा ह्यांविषयीच्या तक्रारी सोपविल्या आहेत. ‘प्रजा फाउंडेशन’ ही संस्था नगरसेवकांच्या कामकाजाची वर्षानुवर्षे मोजदाद करीत आली आहे. नगरसेवकांच्या प्रश्नांत नामकरणाचे प्रश्न मोठी जागा अडवितात, हे तिच्या अहवालांनी वारंवार दाखविले आहे. सभेचा वेळ हेही सार्वजनिक धन आहे. ते कोठे खर्च होते हे विचारण्याचा करदात्यास पूर्ण अधिकार आहे.

थोर माणसांचा सन्मान होऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गोरेगावात मृणालताई गोरे ह्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, आणि तो असावा हे उचितच आहे. परंतु त्या पुलावरून रोज जाणाऱ्या तरुण पिढीने, ह्या बाईंनी नेमके केले काय, असे विचारले तर तिला काय उत्तर मिळेल? ‘पाणीवाली बाई’ एवढे दोन शब्द सर्वांस ठाऊक आहेत. पण त्यांच्या कार्याची पद्धत कोणती होती, व ते कार्य कोणत्या जागेवरून सुरू झाले, ह्याचा विचार क्वचितच होतो. आणि आज उपनगरवासीयांस उपयोगी पडणारी गोष्ट नेमकी तीच आहे.

मृणालताईंचा जन्म १९२८ सालचा. वैद्यकीचे शिक्षण अर्धे टाकून त्या राष्ट्र सेवा दलाच्या व समाजवादी पक्षाच्या कार्यात शिरल्या. पुढे केशव गोरे ह्यांच्याशी विवाह होऊन त्यांनी गोरेगाव हे आपले कार्यक्षेत्र केले. १९५८ साली पती निवर्तले. पदरी लहान मुलगी होती. त्याही स्थितीत त्यांनी काम सोडले नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, १९७२ साली विधानसभेत, आणि आणीबाणीतील तुरुंगवासानंतर १९७७ साली लोकसभेत. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही त्या निवडणुकीतील घोषणा जुन्या वाचकांस आठवत असेल. २०१२ साली त्यांचे देहावसान झाले.

परंतु ह्या सर्व पायऱ्यांच्या आधीची पायरी होती गोरेगावच्या ग्रामपंचायतीची. मृणालताईंनी लोककारभाराचा पहिला धडा घेतला तो दिल्लीत नव्हे, मुंबईच्या सभागृहातही नव्हे, तर आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर भरणाऱ्या गावच्या मंडळात. नळ कोठे नाही, कोणत्या वाडीत बायकांस किती चालावे लागते, हे त्यांस कागदावरून कळले नाही. म्हणूनच पुढे हंडे घेतलेल्या स्त्रियांचा मोर्चा त्यांनी नेला तेव्हा मोर्चामागे माहिती होती, आणि सभागृहात त्या बोलल्या तेव्हा भाषणामागे मोर्चा होता. सभागृहातील प्रश्न आणि रस्त्यावरील हंडा ह्या दोन चाकांवर त्यांचा गाडा चालला. एकाच चाकावर तो चार पावलेही गेला नसता.

आता आमच्या उपनगरांची स्थिती पाहा. एके काळी ह्या गावांस आपापली लहान मंडळे होती. कोठे नगरपालिका, कोठे ग्रामपंचायत. १९५० साली अंधेरी, घाटकोपर इत्यादी भाग मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. १९५७ साली गोरेगाव, बोरिवली, मुलुंड व दहिसर आले. त्यायोगे मोठे जलवाहिन्यांचे जाळे, रुग्णालये व शाळा मिळाल्या, हा लाभ आम्ही नाकारीत नाही. परंतु हाकेवरचे मंडळ गेले ते गेलेच. २०११ च्या खानेसुमारीत बृहन्मुंबईची वस्ती सुमारे १ कोटी २४ लक्ष भरली, नगरसेवक २२७. म्हणजे सरासरीने एका नगरसेवकामागे ५४ हजारांहून अधिक माणसे! ज्या गावास पूर्वी सबंध पंचायत होती, त्याच्या वाट्यास आता एका मनुष्याचा काही अंश आला आहे. तो मनुष्य कितीही सज्जन असला तरी प्रत्येक गल्लीतील नळ त्यास कसा दिसावा?

ही उणीव राज्यकर्त्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लक्षांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असल्या पाहिजेत असा दंडक घातला. तदनुसार १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात तरतूद झाली. तीप्रमाणे प्रभाग समितीत नगरसेवकांखेरीज त्या भागात समाजकार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांतील तीनपर्यंत सभासद नेमता येतात, आणि त्यांची निवड समितीतील नगरसेवकांनी करावयाची असते. पुढे २००९ साली, केंद्राच्या नागरी निधीची अट म्हणून का होईना, क्षेत्रसभांचा कायदा झाला. लगतच्या थोड्या मतदान-केंद्रांतील मतदारांनी एकत्र बसून आपल्या गरजा सांगाव्यात, असा त्याचा आशय आहे. म्हणजे गेलेली पंचायत कायद्याने मागल्या दाराने परत आणून ठेवली आहे. दार मात्र कोणी उघडीत नाही. आपल्या प्रभाग समितीत त्या तीन जागांवर कोण बसले आहे, हे आमच्या किती वाचकांस सांगता येईल? आणि क्षेत्रसभेचे निमंत्रण कोणाच्या घरी कधी आले?

त्यात मध्यंतरी असा काळ आला की दारच काय, घरही रिकामे होते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. सुमारे चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत नगरसंस्थेत नगरसेवक नव्हते, म्हणून प्रभाग समित्याही नव्हत्या. कर मात्र एक दिवसही थांबला नाही. सर फिरोजशहा मेहतांसारख्यांनी करदात्याच्या प्रतिनिधित्वासाठी आयुष्य वेचले. त्यांचा पुतळा महापालिकेच्या दारात उभा आहे. त्याच दारातून ही चार वर्षे एकही लोकप्रतिनिधी अधिकाराने आत गेला नाही, ह्यापरते सन्मानाचे विडंबन कोणते?

नव्या सभागृहापुढे म्हणूनच ही परीक्षा आहे. कोणी म्हणतील, नेमलेली माणसे निवडून आलेली नसतात. त्यांस जागा देणे हा मतदाराचा अपमान होय. आमचे उत्तर असे की, तीन माणसे बहुमत उलथवीत नाहीत. ती माहिती आणितात, आणि माहितीचे भय केवळ अंधारात काम करणाऱ्यास असते. दुसरे म्हणतील, पक्ष ह्या जागा आपल्याच अनुयायांनी भरून टाकतील. ही भीती खरी आहे. परंतु तिच्यावर उपाय जागा रिकामी ठेवणे हा नव्हे, तर निवड उजेडात करणे हा आहे. तिसरे म्हणतील, सामान्य लोकांस कारभारातले काय कळते? त्यांनी घाटकोपरच्या जोशी लेनची आठवण करावी. तेथील रहिवाशांनी कचरा वेगळा करण्याचे व गल्ली नीट राखण्याचे काम स्वतः अंगावर घेतले, आणि त्याच धर्तीवर महापालिकेने १९९७ च्या सुमारास प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना शहरभर सुरू केली. साहेबांनी गल्लीस शिकविले नाही. गल्लीने साहेबांस शिकविले. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात तर १९८९ पासून नागरिकांच्या सभांनी अंदाजपत्रकाचा अग्रक्रम ठरविण्याचा प्रघात पडला. तेथील माणसे आमच्या मुलुंडच्या व्यापाऱ्यांहून हिशेबात अधिक निष्णात होती, असे आम्हांस वाटत नाही.

आणि पाण्याचा प्रश्न मिटला आहे, असे तरी कोठे आहे? बांधकाम अनधिकृत एवढ्याच कारणाने तेथील रहिवाशांस पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या अर्जावर ठरविले. त्यानंतर ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण महापालिकेने जाहीर करावयास मे २०२२ उजाडले. न्यायालयाचा निर्णय नळापर्यंत पोहोचण्यास रोज पाठपुरावा करणारा मनुष्य लागतो, आणि त्या मनुष्यास बसावयास जागा लागते.

ह्यास्तव आमच्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक प्रभाग समितीने नियुक्त सभासदांच्या जागांसाठी जाहीर रीतीने अर्ज मागवावेत, आणि निवडीची कारणे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावावीत. फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडले जाते. त्याच्या आधी प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा भरवून तेथील मागण्या समितीच्या दप्तरी नोंदवाव्यात. आणि नामकरणाचे विषय कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी ठेवावेत. पाणी, गटार व रस्ता ह्यांचा निकाल लागून वेळ उरला, तर अवश्य नावे द्यावीत.

परंतु सर्व दोष नगरसेवकांच्या माथी मारून आपण मोकळे होणे हा अन्याय होईल. २०१७ साली व पुन्हा २०२६ साली निम्म्याहून थोड्याच अधिक मतदारांनी मतदान केले. दुकानापुढे पाणी तुंबले की आम्ही वर्तमानपत्रास पत्र लिहितो. समितीची सभा कोणत्या दिवशी आहे हे मात्र विचारीत नाही. गाव करी ते राव न करी, हे खरे. पण गावाने काही करावयाचे तर आधी गावाने जमले पाहिजे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने व बाजारपेठेच्या मंडळाने ह्या महिन्यात एक काम करावे: दोन जबाबदार माणसे निवडून वॉर्ड ऑफिसात पाठवावीत, आणि नियुक्त सभासदांच्या जागा भरल्या आहेत की नाहीत, हे लेखी विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहेच.

मृणालताईंचे नाव पुलास दिले, हे कृतज्ञतेचे पहिले पाऊल झाले. ज्या लहान मंडळाने गोरेगावच्या एका तरुण स्त्रीस लोककार्यकर्ती बनविले, तसे मंडळ पुन्हा उभे करणे हे दुसरे पाऊल होय. पूल माणसास रस्त्याच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूस नेतो. नागरिकास घराच्या उंबरठ्यावरून समितीच्या मेजापर्यंत नेणारा पूल अद्याप बांधावयाचा आहे, आणि त्याच्या कामास ठेकेदार लागत नाही.