खिडकीतून आत आलेला माल

फुकट या शब्दावर मराठी मध्यमवर्गीयाचा जेवढा जीव असतो, तेवढा स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडावरही नसतो. भाजीवर कढीपत्ता फुकट, साडीवर पिशवी फुकट, बँकेकडून कॅलेंडर फुकट. डिसेंबरात आमच्या काउंटरवर जी झुंबड उडते ती ठेवी ठेवायला नव्हे, हे मी वीस वर्षांच्या नोकरीनंतर शपथेवर सांगू शकतो. मी स्वतः याच पंथातला. म्हणूनच या पवित्र शब्दाची हल्ली चाललेली विटंबना मला बघवत नाही. भाजीवाली आपल्या हाताने पिशवीत टाकते तो कढीपत्ता फुकटचा. ती पाठमोरी असताना आपण उचलतो तो चोरीचा. माझ्या चौथी शिकलेल्या आजीला हा फरक कळत होता. काँप्युटर घेणाऱ्या पदवीधरांना तो कळेनासा झाला आहे.

विषय ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. ही नसेल तर काँप्युटर म्हणजे ड्रायव्हर नसलेली एसटी. बाकं आहेत, घंटी आहे, पण गाडी डेपोतच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपवला. आमचं जुनं यंत्र विंडोज ११ च्या प्रवेशपरीक्षेला बसण्याच्याही लायकीचं निघालं नाही. तेव्हा इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "मामा, तयार घेऊ नका. सुटे भाग आणून मी जुळवून देतो. स्वस्त पडेल."

स्वस्त म्हटल्यावर मी लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते कोणी घेत नाही. म्हणजे तिथे रस्त्यापासूनच अधिकृत आवृत्ती वापरायची पद्धत नाही.

दुकानदाराने मोठ्या प्रेमाने अंदाजपत्रक लिहिलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, पॉवर सप्लाय. पंख्याचीसुद्धा वेगळी ओळ. आम्हा बँकवाल्यांना टाचणीची नोंद नसेल तरी रात्री झोप लागत नाही. म्हटलं, "यात ऑपरेटिंग सिस्टिम कुठेय?"

"ती टाकून देतो ना, साहेब."

"पण बिलात?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लग्नाच्या पंगतीत जेवून यजमानाकडे बिल मागतोय. "साहेब, तिला कोण पैसे देतं?"

माझं भांडण या वाक्याशी आहे. त्या दुकानदाराशी नाही, तो बिचारा जनमताचा प्रतिनिधी. शंभर रुपयांच्या पंख्याला पैसे द्यायचे, कारण तो हाताला लागतो. पण ज्याच्यावाचून तो पंखा नुसतं वारं घालत बसेल, त्याला "कोण पैसे देतं?" डोळ्यांना दिसत नाही त्याची किंमत शून्य धरायची असेल, तर आमच्या बँकेतलं तुमच्या खात्यावरचं व्याजही कुठे दिसतं? ते सोडता का?

यावर आमच्या शेजाऱ्यांचा युक्तिवाद असा, की कंपनी कुठे उपाशी मरतेय? कबूल, नाही मरत. आमची बँकही उपाशी नाही. तरी काउंटरवरच्या पेनाला दोरी बांधावी लागते, ती पेन आपण होऊन पळून जाईल म्हणून नव्हे. मालक श्रीमंत असणं ही उचलेगिरीची परवानगी ठरली, तर उद्या लॉकररूमला दारच नको.

कायदाही झोपलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली ६३-ब हे कलम घातलं गेलं. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस कैद. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट ती माफ करू शकतं, हा भाग वेगळा. सात दिवसांची कैद म्हणजे माझी वर्षभराची किरकोळ रजा संपलीच!

कोणी म्हणेल, मग चारशे रुपयांची किल्ली घ्या. अशा किल्ल्या ढिगाने मिळतात. त्यांतल्या कित्येक एखाद्या संस्थेने घाऊक घेतलेल्या किंवा मोडीत निघालेल्या यंत्रावरच्या असतात. आज लागते, उद्या बाद होते. पाचशेची नोट कोणी वीस रुपयांना देऊ लागला, तर आम्ही ती उजेडाकडे धरतो. ही किल्ली उजेडाकडे धरता येत नाही, एवढंच तिचं भाग्य.

आणि ते ॲक्टिव्हेटर नावाचं औषध! त्याची पहिली सूचना असते: अँटिव्हायरस बंद करा. घरात शिरणाऱ्याने नम्रपणे विचारावं, "जरा कुत्रा बांधून ठेवता का?" आणि आपण ठेवावा! वर त्याच काँप्युटरवर आपण बँकेचा पासवर्ड टाईप करायचा. खातं रिकामं झालं म्हणून काउंटरवर येणारी माणसं मी पाहतो. दर वेळी कारण हेच असतं असं माझं म्हणणं नाही. पण अशा माणसाचा चेहरा एकदा पाहिला, की "फुकट पडलं" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. पेन्शन पुन्हा जमायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं प्रत्येकाच्या हातात नसतात.

आता दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, नाहीतर हिशेब जुळायचा नाही. विंडोज ११ होमची अमेरिकेतली किरकोळ किंमत १३९ डॉलर. रुपयांत मांडली तर दहा हजारांच्या वर. आमचं सगळं यंत्र पन्नास हजारांच्या आतलं, म्हणजे घरापेक्षा दाराची चौकट भारी. ओईएम लायसन्स स्वस्त, पण ते बिनबदलीच्या नोकरीसारखं. पहिल्या मदरबोर्डाला चिकटतं आणि तो गेला की त्याच्याबरोबर निवृत्त होतं. रिटेल लायसन्स बदलीपात्र, पण त्याला पगार पूर्ण. गरीब देशांसाठी स्वस्त आवृत्ती काढली नव्हती असंही नाही. २००५ साली भारतात एक्सपीची स्टार्टर आवृत्ती हिंदीत आली. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायचे. चौथा मागितला की नाही म्हणायची! वाढप्याने तिसऱ्या पोळीला हात आखडता घ्यावा आणि वर म्हणावं, "तुमच्यासाठी खास थाळी आहे." प्रामाणिक गिऱ्हाइकाला असं वाढलं, की तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो. ही सबब नव्हे, पण कारण नक्की आहे.

मग मधल्या माणसाने करायचं काय? तर वाचकहो, भाजीवाली स्वतःच्या हाताने कढीपत्ता टाकते अशीही एक मंडई आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगासमोर ठेवला. त्यावर उभ्या राहिलेल्या उबुंटू, मिंट वगैरे सिस्टिम आज कोणीही उतरवून घ्यावी, शेजाऱ्याला द्यावी. लायसन्सच तसं सांगतं. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते. म्हणजे आंब्याची फोड चाखून मग पेटी, आणि पेटीही शून्य रुपयांची! आपल्या सी-डॅकने २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स काढली. केरळच्या सरकारी शाळांत पोरं लिनक्सवरच शिकतात.

आणि आपण? एमएस-सीआयटीतल्या एमएसचा अर्थ महाराष्ट्र स्टेट. पण आमच्या शाखेतल्या तिघांनी मला तो छातीठोकपणे मायक्रोसॉफ्ट सांगितला. त्यांचा काय दोष? वर्षानुवर्षं शिकवलं काय, तर विंडोज आणि ऑफिस. एकाच दुकानाचा रस्ता शिकवायचा, त्या दुकानातला माल परवडणार नाही एवढा पगार द्यायचा, आणि मग पोरगं मागच्या दाराने शिरलं की संस्कारांवर भाषण द्यायचं!

"लिनक्स अवघड आहे," असं म्हणणाऱ्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन असतो. त्याचा गाभा लिनक्सचाच. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांवर २०१७ पासून दुसरं काही चालत नाही. टॅली विंडोजवरच चालतं हे मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मान्य करतो, काही गेम्स लिनक्सवर रुसतात हे भाचा मान्य करतो. ज्याचं पोट टॅलीवर आहे त्याने विंडोज विकत घ्यावं आणि बिल फाईलला लावावं. पण पत्रं लिहायची, फोटो बघायचे, वीजबिल भरायचं आणि मुलांनी अभ्यासाच्या नावाखाली सिनेमे बघायचे, एवढ्यासाठी चोरीचा माल कशाला?

आमची ही म्हणजे साध्या शब्दांत बोलणारी बाई. म्हणाली, "अहो, फुकट मिळतंय तर ते चांगल्या मार्गाने घ्या ना!" एवढ्या एका वाक्याला मला इतकी पानं लागली.

माझी मागणी फार नाही. काँप्युटरच्या प्रत्येक अंदाजपत्रकात पंख्याच्या खाली एक ओळ असावी: ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यासमोर एकतर किंमत लिहावी, नाहीतर स्वच्छ अक्षरात 'लिनक्स, रुपये शून्य' असं लिहावं. शून्याला आम्हा बँकवाल्यांचा अजिबात विरोध नाही. फक्त ते खात्यात नोंदलेलं हवं.